आधी फोटो उतरवा, पैशांचे शेवटी बोला

वेबसाइटवर विनापरवाना फोटो वापरल्याची नोटीस बहुधा ई-मेलनेच येते. वर एखाद्या फोटो एजन्सीचे किंवा वसुली कंपनीचे नाव असते. मध्ये तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि शेजारी मूळ फोटो असतो. खाली रुपयांत, डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये एक रक्कम आणि ती भरण्याची तारीख असते. नोटीस ज्याला येते तो सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. घाबरून लगेच पैसे भरतो, नाहीतर ‘असले मेल येतच असतात’ म्हणून सोडून देतो. पहिल्यात पैसे जास्त जातात आणि दुसऱ्यात आपली कायदेशीर बाजू कमकुवत होते.

अशा नोटिशीत तीन दावे एकत्र बांधलेले असतात: हा फोटो आमचा आहे, तुम्ही तो वापरला आहे, आणि त्याचे एवढे पैसे होतात. हे तिन्ही वेगळे करून एकेक तपासायचे असतात. त्यासाठी फोटो आजच उतरवावा, हक्क या आठवड्यात तपासावा, रकमेचे बोलणे त्यानंतर करावे आणि शेवटी सगळे कागदावर आणावे. हा क्रम पाळला, तर बहुतेक प्रकरणे कोर्टाची पायरी न चढता मिटू शकतात.

## नोटीस येते कशी

छोट्या गावातल्या क्लासची, लॉजची किंवा पतसंस्थेची वेबसाइट कोण बघणार, असे आपल्याला वाटते. माणूस बघतही नाही, पण संगणक बघतो. चित्र ओळखणारी सॉफ्टवेअर इंटरनेटवरची पाने सतत चाळत असतात. फोटो कापलेला, उलटा फिरवलेला किंवा रंग बदललेला असला तरी ती तो ओळखतात. इस्राएलमधील पिकस्काउट ही कंपनी याच कामासाठी प्रसिद्ध होती. २०११ मध्ये गेटी इमेजेसने ती विकत घेतली. पिकराइट्स, कॉपीट्रॅक, पिक्सी या कंपन्या एजन्सीच्या किंवा छायाचित्रकाराच्या वतीने असे वापर शोधतात आणि वसुलीही करतात. वसूल झालेल्या रकमेतला हिस्सा हे अशा व्यवसायाचे नेहमीचे उत्पन्न असते. नोटिशीची भाषा कडक आणि मुदत कमी का असते, हे यावरून कळते. पण वसुली हा कुणाचा धंदा आहे, एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही.

## ‘सौजन्य’ लिहिले होते, ते चालत नाही का?

मराठी वेबसाइटवर फोटोखाली ‘सौजन्य : गूगल’ किंवा ‘साभार : इंटरनेट’ असे सर्रास दिसते. गूगल फोटो शोधून देतो, त्याची मालकी देत नाही. शेजाऱ्याची दुचाकी न विचारता नेली आणि मागे त्याचे नाव रंगवले, म्हणून परवानगी मिळाली असे होत नाही.

याचे बोलके उदाहरण जर्मनीतले आहे. एका शाळेतल्या विद्यार्थिनीने स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा फोटो प्रवासविषयक वेबसाइटवरून घेतला, भाषाविषयाच्या प्रकल्पात वापरला आणि खाली त्या वेबसाइटचे नावही दिले. शाळेने तो प्रकल्प आपल्या वेबसाइटवर ठेवला. छायाचित्रकाराने त्या प्रवासाच्या वेबसाइटलाच वापराची परवानगी दिली होती, शाळेला नाही. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. ७ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने सांगितले की, एका वेबसाइटवर परवानगीने आणि सर्वांना खुला असलेला फोटो दुसऱ्या वेबसाइटवर चढवायचा, तर नवी परवानगी लागते.

सोशल मीडियावरचे फोटोही याला अपवाद नाहीत. २०१० च्या हैती भूकंपाचे फोटो दानिएल मोरेल या छायाचित्रकाराने ट्विटरवर टाकले होते आणि ते वृत्तसंस्थांनी विनापरवानगी वापरले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. हे दोन्ही निकाल परदेशातले आहेत, पण त्यातला मूळ मुद्दा भारतीय कायद्यातही तोच आहे: फोटो दिसतो आहे, म्हणून तो घ्यायला मोकळा नाही.

## भारतीय कायदा थोडक्यात

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्र ही ‘कलाकृती’ आहे आणि तिचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. हक्क फोटो काढताक्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे ‘तुमच्याकडे रजिस्ट्रेशन आहे का?’ एवढे विचारून नोटीस परतवता येत नाही. संरक्षण कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. भारत कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय बर्न करारात असल्याने परदेशी छायाचित्रकाराच्या फोटोलाही इथे संरक्षण मिळते. गेटवे ऑफ इंडिया सगळ्यांचा असला, तरी त्याचा विशिष्ट फोटो काढणाऱ्याचा असतो.

हक्कधारक दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागू शकतो. कलम ५५ मात्र एक सवलत देते. फोटोवर कॉपीराइट आहे हे माहीत नव्हते आणि तसे मानायला सबळ कारणही नव्हते, असे वापरणाऱ्याने सिद्ध केले, तर मनाई हुकूम आणि उल्लंघन करणाऱ्या प्रतींच्या विक्रीतून झालेला पूर्ण नफा किंवा त्याचा काही भाग एवढेच हक्कधारकाला मिळू शकते. हे सिद्ध करणे सोपे नाही, कारण फोटो कुणीतरी काढलेला असतो हे कुणालाही ठाऊक असते.

जाणूनबुजून केलेले उल्लंघन कलम ६३ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितले. वॉटरमार्क किंवा छायाचित्रकाराचे नाव मुद्दाम खोडणे हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इथे ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नोटीस येईपर्यंत तुम्ही अजाण होतात असे म्हणता येते. ती वाचल्यानंतरही फोटो तसाच ठेवला, तर ते म्हणण्याची सोय उरत नाही. म्हणूनच दुर्लक्ष महाग पडते.

## पहिला दिवस: पुरावा ठेवा, मग फोटो उतरवा

घाईत फोटो पुसून टाकण्याआधी अर्धा तास नोंदींसाठी द्या. पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट तारखेसह घ्या. फोटो कोणी, कधी चढवला, त्याचा आकार किती, पान किती जणांनी पाहिले, हे वेबसाइटच्या नियंत्रण विभागातून उतरवून घ्या. डेव्हलपरशी किंवा डिझायनरशी झालेला मेल आणि व्हॉट्सॲपवरचा संवाद, बिले, फोटो विकत घेतल्याची पावती, सगळे एका फोल्डरमध्ये टाका. वापर किती काळ होता आणि किती छोटा होता, हे पुढे रकमेच्या वाटाघाटीत याच नोंदींवरून दाखवावे लागते.

मग फोटो उतरवा. पानावरून काढला म्हणजे काम झाले असे नाही. फाइल सर्व्हरवर राहिली, तर तिच्या थेट पत्त्यावर ती दिसतच राहते आणि सॉफ्टवेअर तोच पत्ता पुन्हा पकडते. मीडिया लायब्ररीतली मूळ फाइल, तिच्या लहान आवृत्त्या, जुनी पीडीएफ पत्रके, फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या त्याच पोस्ट आणि वापरात नसलेली पण अजून सुरू असलेली जुनी वेबसाइट, हे सगळे तपासा. स्वतःच्या नोंदीसाठी एक प्रत वेबसाइटबाहेर ठेवा.

फोटो उतरवणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे. उत्तरात तसे स्पष्ट लिहिता येते. पण उतरवल्याने मागचा वापर पुसला जात नाही, त्यामुळे ‘काढला, आता विषय संपला’ असे समोरच्याला सांगून भागत नाही.

तक्रार कधी थेट होस्टिंग कंपनीकडेही जाते. भारतीय कायद्यात अशा मध्यस्थ कंपन्यांसाठीची तरतूद अशी: लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत तो मजकूर लोकांना दिसणे थांबवायचे, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. होस्टिंग अमेरिकी कंपनीचे असेल, तर तिथल्या कायद्यानुसार प्रतिनोटीस देता येते. मात्र ती देताना अमेरिकी न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते, म्हणून स्वतःची बाजू पक्की असल्याशिवाय ती भरू नये.

## नोटीस खरी आहे का?

कॉपीराइटच्या नावाने फसवणूकही चालते. एप्रिल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच एका प्रकाराबद्दल इशारा दिला होता. वेबसाइटच्या संपर्क फॉर्ममधून संदेश येई: तुम्ही माझे फोटो चोरले, पुरावा या लिंकवर आहे. लिंक उघडली की संगणकात आइस्डआयडी नावाचे घातक सॉफ्टवेअर उतरत असे. दुसरा प्रकार कमी घातक, पण लबाडीचाच आहे. वकिली कार्यालयाच्या नावाने मेल येतो, पैसे मागत नाही, फक्त ‘फोटोखाली आमच्या वेबसाइटची लिंक द्या’ म्हणतो. गूगलच्या शोधात वर येण्यासाठी लिंक जमवण्याचा तो मार्ग असतो.

म्हणून मेलमधली लिंक किंवा जोडलेली झिप फाइल उघडू नका. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधून तिथल्या पत्त्यावर प्रकरण क्रमांक विचारा. वकिलाचे नाव असेल, तर त्याचा बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. मग गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये फोटो टाकून मूळ कुठे दिसते ते पाहा. एजन्सीच्या संग्रहात तोच फोटो, छायाचित्रकाराच्या नावासह विक्रीला असेल, तर दाव्यात तथ्य असण्याची शक्यता वाढते.

## समोरच्याचा हक्क तपासा

कॅरोल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकर्तीने आपले हजारो फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला सर्वांच्या वापरासाठी दिले होते. २०१५ च्या अखेरीस एका वसुली कंपनीने त्यांच्याच फोटोसाठी, त्यांच्याच संस्थेच्या वेबसाइटवरील वापराबद्दल, १२० डॉलर मागितले. मोठ्या नावाच्या एजन्सीच्या वतीने आलेली मागणीही चुकीची असू शकते, हे यातून दिसले.

त्यामुळे उत्तरात पुढील गोष्टी नम्रपणे मागाव्यात:

- फोटोची मूळ मोठी फाइल किंवा तो कुणी, केव्हा काढला याचा पुरावा.
- छायाचित्रकार आणि एजन्सी यांच्यातला करार. आर्थिक बाबी झाकून दिला तरी चालतो.
- पत्र पाठवणारी कंपनी वसुली करत असेल, तर तिला मिळालेले अधिकारपत्र.
- फोटो पहिल्यांदा कुठे प्रसिद्ध झाला, आणि त्याच वापरासाठी त्या काळी लागू असलेला दर.

हे मागण्यामागे कायदा आहे. भारतात हक्काचे हस्तांतर लेखी आणि हस्तांतर करणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ते पाच वर्षांचे धरले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरते. दावा करण्याचा अधिकार मालकाला आणि एकमेव परवानाधारकाला आहे. साधा, इतरांनाही दिला जाणारा परवाना असलेल्या एजन्सीला तो आपोआप मिळत नाही. मात्र प्रसिद्ध प्रतीवर कर्ता म्हणून एखाद्याचे नाव असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तोच कर्ता मानला जातो. म्हणून हे प्रश्न टाळाटाळ म्हणून नव्हे, खरी उत्तरे हवीत म्हणून विचारावेत.

## तुमच्या बाजूने काय असू शकते

पावती आहे. फोटो तुम्ही विकत घेतला असेल, तर परवाना क्रमांक पाठवा. पण खाते डिझायनरच्या नावावर असेल, तर त्याच्या परवान्यात क्लायंटचा वापर बसतो का, ते वाचा.

फोटो तुम्हीच काढून घेतला होता. हॉटेलमालकाने पैसे देऊन थाळीचे फोटो काढून घेतले, तर उलट करार नसल्यास पहिली मालकी कलम १७ नुसार हॉटेलमालकाची असते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोची मालकी सहसा नोकरी देणाऱ्याची असते.

मोफत संग्रहातून घेतला. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांच्या परवान्यांत व्यावसायिक वापरही बसतो. पण तिथे फोटो चढवणारा त्याचा मालकच नसेल, तर तो परवाना तुम्हाला पूर्ण वाचवत नाही. तरीही तुमचा हेतू चांगला होता हे दाखवायला त्या पानाची तारखेसह नोंद कामी येते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा फोटो आहे. विकिमीडिया कॉमन्सवरचे बरेच फोटो याच परवान्यांखाली असतात. फुकट असले, तरी बहुतेकांत कर्त्याचे नाव, परवान्याचे नाव आणि त्याची लिंक देणे बंधनकारक असते. आवृत्ती ४.० मध्ये चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. जुन्या आवृत्त्यांत अशी सोय नाही, म्हणून आवृत्तीचा क्रमांक आवर्जून पाहा.

रास्त वापर. टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी कलम ५२ मोकळीक देते. छायाचित्र प्रदर्शनाच्या समीक्षेत त्यातलाच फोटो दाखवणे यात बसू शकते. लेख सजवण्यासाठी किंवा टूर पॅकेजच्या जाहिरातीसाठी लावलेला फोटो बसत नाही. वर्गात शिकवताना केलेल्या वापरालाही कायदा संरक्षण देतो, पण तोच फोटो शाळेच्या प्रवेश जाहिरातीत टाकला की तो आधार सुटतो.

मुदत उलटली. भरपाईच्या दाव्याची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षे आहे. मात्र फोटो आजही दिसत असेल, तर उल्लंघन सुरूच आहे, असा युक्तिवाद समोरून येणार.

‘वेबसाइट डेव्हलपरने बनवली, मला काय माहीत’ हा बचाव हक्कधारकापुढे सहसा पुरत नाही, कारण वापर तुमच्या धंद्यासाठी झालेला असतो. डेव्हलपरच्या करारात भरपाईची हमी असेल, तर तुम्ही भरलेली रक्कम भारतीय करार कायद्याच्या कलम १२४ च्या आधाराने त्याच्याकडे मागता येते. म्हणून नोटीस आली की त्यालाही त्याच दिवशी लेखी कळवा.

## रक्कम कशी तपासायची

मागितलेली रक्कम ही मागणी असते, ठरलेला दंड नव्हे. अमेरिकेत कायद्यानेच प्रत्येक कलाकृतीमागे ७५० ते ३० हजार डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी दीड लाख डॉलरपर्यंत भरपाईची चौकट आहे. तीसुद्धा ठरावीक मुदतीत नोंदणी केली असेल तरच लागू होते. भारतीय कायद्यात असा ठरलेला तक्ता नाही. इथे भरपाई प्रत्यक्ष नुकसानीशी आणि तुमच्या नफ्याशी जोडलेली असते. भारतातल्या छोट्या धंद्याला पाठवलेल्या पत्रात दीड लाख डॉलरचा उल्लेख असेल, तर तो इथल्या न्यायालयातला हिशेब नाही.

सुरुवात साध्या प्रश्नाने करा: तेव्हा रीतसर परवाना घेतला असता, तर किती पडला असता? एजन्सीच्या वेबसाइटवर त्याच फोटोचा, तेवढ्याच आकाराचा दर पाहा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पान किती काळ होते, हे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही कधी सापडते. मग त्या दरावर थोडी अधिक रक्कम देऊ करणे व्यवहार्य ठरते, कारण विनापरवाना वापरानंतर मूळ दरातच सुटका समोरचा सहजी मान्य करत नाही. वापर बिगर-व्यावसायिक होता, पान फारसे कुणी पाहिले नाही, फोटो त्याच दिवशी उतरवला, संस्था लहान आहे, हे मुद्दे कागदांसह मांडा. नुसती विनवणी आणि आकड्यांसह केलेली विनंती यांत वाटाघाटीत मोठा फरक पडतो.

## उत्तर कसे लिहावे

उत्तर लेखी, लहान आणि थंड डोक्याने लिहिलेले असावे. फोनवर बोलणे टाळा. ‘आम्ही चोरी केली, माफ करा’ असेही लिहू नका आणि ‘करा काय करायचे ते’ असेही नको. खोटे तर अजिबात नको. ‘फोटो आमच्या वेबसाइटवर कधीच नव्हता’ असे लिहिले आणि समोरच्याकडे स्क्रीनशॉट असला, तर पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास जातो. मसुदा साधारण असा असू शकतो (‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे आपल्या हक्कांना बाधा न आणता):

> विदाउट प्रेज्युडिस
>
> आपला प्रकरण क्रमांक अमुक, दिनांक अमुक.
>
> आपले पत्र मिळाले. खबरदारी म्हणून उल्लेख केलेला फोटो आम्ही आज आमच्या वेबसाइटवरून आणि सर्व्हरवरून काढला आहे. याचा अर्थ आपला दावा किंवा कोणतेही दायित्व मान्य केले असा नाही.
>
> दाव्याचा विचार करता यावा म्हणून कृपया फोटोच्या मालकीचा पुरावा, आपल्याला मिळालेले अधिकारपत्र आणि मागितलेल्या रकमेचा आधार पाठवावा.
>
> ही कागदपत्रे मिळाल्यावर आम्ही वाजवी मुदतीत उत्तर देऊ. आमचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत.

नोटीस इंग्रजीत असेल, तर उत्तरही इंग्रजीत द्यावे लागेल, पण मजकूर हाच. पत्रातली मुदत समोरच्याने ठरवलेली असते, कायद्याने नव्हे. तरी तिच्या आत हे पहिले उत्तर पाठवणे शहाणपणाचे.

कुणी निव्वळ खोट्या हक्काच्या जोरावर वारंवार धमक्या देत असेल, तर कलम ६० खाली तुम्हीच न्यायालयात जाऊन त्या निराधार असल्याचे जाहीर करून घेऊ शकता. धमकी देणाऱ्याने वेळेत दावा दाखल केला, तर मात्र ही वाट बंद होते.

## तडजोडीचा कागद

रक्कम ठरली की लगेच पैसे पाठवू नका. आधी एका पानाचा करार मागा. त्यात फोटोचा आणि प्रकरणाचा क्रमांक असावा, आणि या रकमेत आजवरच्या वापराचे सर्व दावे मिटले, दिवाणी आणि फौजदारी कारवाई होणार नाही, असे लिहिलेले असावे. करार करणारा हक्कधारकाच्या वतीने सही करतो आहे, हेही त्यात हवे. पुढेही फोटो वापरायचा असेल, तर तो परवाना वेगळा नमूद करून घ्या; मागच्या वापराची भरपाई म्हणजे पुढची परवानगी नव्हे. पैसे बँकेमार्फतच द्या आणि पावती घ्या. रक्कम परदेशी जाणार असेल, तर करकपातीबद्दल आधी सीएला विचारा.

## परदेशातल्या मंडळांसाठी

अमेरिका, ब्रिटन, जर्मनी इथल्या महाराष्ट्र मंडळांच्या वेबसाइटवरही गणेशोत्सवाच्या पत्रकात असे फोटो येतात. तिथे तिथला कायदा लागतो. अमेरिकेत जून २०२२ पासून कॉपीराइट क्लेम्स बोर्ड ३० हजार डॉलरपर्यंतचे दावे ऐकते. बोर्डाची रीतसर नोटीस मिळाल्यावर ६० दिवसांत त्यातून बाहेर पडता येते, पण तसे कळवावे लागते. गप्प राहिल्यास निर्णय विरोधात जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये १० हजार पौंडांपर्यंतचे दावे बौद्धिक संपदा न्यायालयाच्या छोट्या दाव्यांच्या शाखेत चालतात. जर्मनीत वकिलाच्या पत्रासोबत ‘पुन्हा असे करणार नाही’ अशा हमीचा मसुदा येतो आणि पुढे ती मोडल्यास दंड भरावा लागतो. तो आहे तसा सही करण्याआधी तिथल्या वकिलाला दाखवावा.

## वकील केव्हा गाठावा

एका फोटोची छोटी मागणी असेल, तर पहिला पत्रव्यवहार स्वतः करता येतो. पण मागणी मोठी असेल, फोटो अनेक असतील, वॉटरमार्क खोडलेला असेल, पोलिसांकडून विचारणा झाली असेल किंवा न्यायालयाचे समन्स आले असेल, तर त्याच दिवशी वकिलाकडे जा. ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा दावा व्यावसायिक न्यायालयात जाऊ शकतो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर तिथे दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि मध्यस्थीचे बोलावणे ही तडजोडीची चांगली संधी असते. दावा दाखल होऊन समन्स मिळाले, तर कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालयाने वाढवून दिली, तरी १२० दिवसांनंतर तो अधिकारच संपतो.

## पुढच्यासाठी एक तक्ता

एका प्रकरणाची तडजोड झाली, तरी त्याच डिझायनरने त्याच पद्धतीने लावलेले इतर फोटो वेबसाइटवर तसेच असतात. म्हणून एक साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक फोटोपुढे फाइलचे नाव, कुठून घेतला, कोणी चढवला, परवान्याचा प्रकार, तारीख आणि पावती कुठे ठेवली आहे, एवढे लिहा. ज्या फोटोपुढचा रकाना भरता येत नाही, तो फोटो काढा. वर्षानुवर्षे साचलेल्या वेबसाइटला यासाठी दोन-तीन दिवस लागतील, पण आधी मुखपृष्ठ, जाहिरातीची पाने आणि सगळ्यात जास्त वाचली जाणारी पाने घेतली, तर जोखमीचा मोठा भाग तिथेच कमी होतो.

नवीन वेबसाइटच्या करारात दोन वाक्ये घाला: सर्व चित्रांचे परवाने ग्राहकाच्या नावावर असतील आणि त्यांच्या पावत्या काम सोपवताना दिल्या जातील, चित्रांबाबत तिसऱ्याचा दावा आल्यास त्याची भरपाई डेव्हलपर करेल. शेवटचा हप्ता या पावत्या हातात आल्यावरच द्या. आणि शक्य तिथे फोटो स्वतः काढा. आपल्या दुकानाचा, आपल्या शाळेचा मोबाइलवर काढलेला साधा फोटो परक्या संग्रहातल्या चकचकीत फोटोपेक्षा ग्राहकाला जास्त खरी माहिती देतो आणि त्यासाठी कुणाची पावती जपावी लागत नाही.